कर्जापायी गेलेले वऱ्हाड

(वारंगा फाटा येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



मला बोलायला सांगितले तेव्हा मी विषय कळवला, ‘सरकारी कर्जाची मर्यादा’. पलीकडून फोनवर दोन क्षण शांतता. मग संयोजक म्हणाले, “साहेब, हे फाट्यावरच्या माणसांना कळेल का?” मी म्हणालो, कर्ज आणि मर्यादा हे दोन शब्द ज्यांना रोज भेटतात त्यांना नाही कळणार, तर कुणाला कळणार? मी जन्मभर कोषागारात नोकरी केली. सरकारची तिजोरी आतून पाहिलेला माणूस म्हणून बोलतो, अर्थशास्त्राचा प्राध्यापक म्हणून नाही.

फाट्यावरचा माणूस रस्त्यांच्या भाषेत विचार करतो. नांदेडहून आलेली गाडी इथे डावीकडे वळली की आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जाते. सरळ गेली की हदगाव ओलांडून पैनगंगेवर येते आणि पलीकडे उमरखेडला, म्हणजे वऱ्हाडात शिरते. मला जे सांगायचे आहे ते या दोन रस्त्यांवरच आहे. एक रस्ता एका जुन्या कर्जाकडे जातो, दुसरा नव्या कर्जावर बांधलेला आहे.

आधी हिंगोलीच्या रस्त्याने जाऊ.

हिंगोली ही निजामाच्या राज्यातली मोठी छावणी. हैदराबाद कंटिंजंट नावाची फौज तिथे असे. नाव निजामाचे, अधिकारी इंग्रज आणि पगार निजामाच्या तिजोरीतून. ही फौज निजामाच्या कामापेक्षा ईस्ट इंडिया कंपनी सरकारच्या सोयीची होती, पण दर महिन्याला पगार मात्र निजामाने द्यायचा. निजामाचा महसूल वेळेवर येत नसे. तालुकेच्या तालुके ठेकेदारांकडे आणि सावकारांकडे लावून दिलेले, त्यामुळे पीक हाती येण्याआधीच पैसा खाल्लेला. मग पगार थकू नये म्हणून कर्ज. 1814 साली हैदराबादेत उभी राहिलेली विल्यम पामर कंपनी निजाम सरकारला शेकडा 24-25 दराने पैसे देऊ लागली आणि त्यातला मोठा भाग या फौजेच्या पगारावर गेला. पुढे त्या व्यवहाराचा एवढा गवगवा झाला, की कंपनी सरकारला मध्ये पडून पामरचे देणे मिटवावे लागले. तेही फुकट नाही. उत्तर सरकार प्रांताबद्दल कंपनी निजामाला दरवर्षी जी सात लाखांची पेशकश देत असे, ती त्या बदल्यात कायमची बंद झाली. एक कर्ज फेडायला एक कायमचे उत्पन्न गेले.

आणि फौज तशीच राहिली. पगार तसाच राहिला. आता सावकार बदलला, एवढेच. निजामाकडून पगार आला नाही की कंपनी आपल्या तिजोरीतून भागवी आणि ती रक्कम व्याजासह निजामाच्या नावे मांडी. 1853 पर्यंत ही बाकी चाळीस लाखांच्या वर गेली होती. गव्हर्नर जनरल डलहौसीने तगादा लावला. 21 मे 1853 रोजी निजाम नासिरुद्दौलाने तहावर सही केली आणि वऱ्हाड, धाराशिव व रायचूरचा दुआब कंपनीच्या कारभारात गेले. त्या मुलखाच्या उत्पन्नातून फौजेचा पगार निघणार होता. त्यातले धाराशिव आणि रायचूर 1860 साली परत मिळाले. वऱ्हाड मिळाले नाही. 1902 साली व्हाइसरॉय कर्झनने ते वर्षाला 25 लाख रुपयांच्या बदल्यात कायमच्या पट्ट्याने घेतले.

गंमत पुढेच आहे. 1903 साली ही फौज मोडून हिंदुस्थानच्या सैन्यात मिसळली आणि हिंगोलीची छावणी उठली. ज्या पगारापायी मुलूख गहाण पडला तो पगार घेणारेच उरले नाहीत, मुलूख मात्र सुटला नाही. आपल्याकडे वऱ्हाड निघते ते लग्नाला. हे वऱ्हाड कर्जाला निघाले आणि परत आले नाही.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगितली पाहिजे. तह झाल्यावर काही दिवसांतच सालारजंग दिवाण झाले. त्यांनी ठेकेदारी मोडली, मुलखाची जिल्ह्यांत विभागणी केली, वसुली सरकारी नोकरांकडे आणली. पुढे वऱ्हाड परत मागताना हैदराबादचे म्हणणे असे, की सिकंदराबाद आणि जालन्याच्या छावण्यांतले अबकारी उत्पन्न कंपनीने इतकी वर्षे घेतले, ते आमच्या खाती जमा धरले असते तर एवढे देणे उरलेच नसते. खरे असेल. पण ही वजावट मांडायची वेळ सहीच्या आधी असते. हिशेब ज्याच्या वहीत, मुलूख त्याच्या हातात.

मी एवढा वेळ या जुन्या गोष्टीत घालवला, कारण माझे सगळे म्हणणे तिच्यात आहे. निजामाने विहिरीसाठी, कालव्यासाठी, रस्त्यासाठी कर्ज काढले असते तर कदाचित फेडले असते, कारण त्या कामाने महसूल वाढला असता. त्याने कर्ज काढले पगारासाठी. पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला संपतो. कर्ज मागे उरते.

तुमच्या घरात हा फरक सगळ्यांना कळतो. विहीर, ठिबक, गाय यांसाठी काढलेले कर्ज वेगळे आणि किराण्याच्या उधारीसाठी काढलेले वेगळे. बचत गटाच्या बैठकीत बसून पाहा. रजिस्टर उघडलेले असते. एक बाई शिलाई मशीनसाठी दहा हजार मागते, गट देतो. दुसरी मागचा हप्ता भरण्यासाठी नवे मागते. तिथे सगळ्या जणी रजिस्टरातून मान वर काढतात आणि गटाची अध्यक्ष विचारते, “हे कुठून फेडशील, बाई?” एवढा प्रश्न विचारला जातो म्हणून गट टिकतो.

आणि मार्चमध्ये बँकेच्या दारात जे चालते तेही तुम्हाला ठाऊक आहे. नवं-जुनं. कुणाकडून तरी चार दिवसांसाठी हातउसने घ्यायचे, जुने पीक कर्ज भरायचे, लगेच नवे उचलायचे आणि हातउसने परत करायचे. कागदावर खाते नियमित. खिशात काही नाही.

सरकारही हेच करते. फक्त बाजार वेगळा. राज्यांच्या कर्जाचा बाजार साधारणपणे मंगळवारी भरतो. रिझर्व्ह बँक राज्यांच्या वतीने रोख्यांचा लिलाव करते. ते रोखे बँका घेतात, विमा कंपन्या घेतात, भविष्य निर्वाह निधी घेतात. म्हणजे तुम्ही भरलेला विम्याचा हप्ता आणि मुलाच्या पगारातून कापलेला पीएफ फिरून सरकारला कर्ज म्हणून जातो. मुदत संपली की मुद्दल एकदम द्यायची. ती कुठून देतात? पुढच्या मंगळवारी नवा रोखा विकून. सरकारी भाषेत याला भारदस्त नाव आहे, आपण नवं-जुनंच म्हणू.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. केंद्राने किती कर्ज काढावे याची मर्यादा संसदेला कायदा करून ठरवता येते, असे संविधानाचे कलम 292 सांगते. कलम 293 राज्यांसाठी आहे. राज्याच्या विधिमंडळाला मर्यादा घालता येते आणि केंद्राचे देणे बाकी असेल तोवर राज्याने केंद्राच्या संमतीशिवाय नवे कर्ज काढू नये. ऑगस्ट 1949 मध्ये या तरतुदीवर संविधान सभेत चर्चा झाली तेव्हा मर्यादा सक्तीची का नाही, असा आक्षेप आला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी उत्तर दिले, की तरतूद पुरेशी आहे आणि संसद ती गांभीर्याने घेऊन कर्जाला मर्यादा घालणारे कायदे करील अशी माझी अपेक्षा आहे. हे भाबडेपणाने बोलणारे ते गृहस्थ नव्हते. ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार आणि वित्तव्यवस्था हा त्यांचा कोलंबियातला एम. ए.चा प्रबंध आणि ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचे त्यांचे पुस्तक 1925 साली प्रसिद्ध झालेले. 1857 नंतर कंपनीचे कर्ज हिंदी रयतेच्या माथी कसे मारले गेले, हे त्यांनी आकड्यांनिशी अभ्यासले होते. कर्ज काढणारा एक आणि फेडणारा दुसरा असला की काय होते, हे त्यांना पक्के माहीत होते.

त्यांच्या अपेक्षेला संसदेने उत्तर दिले 2003 साली, म्हणजे चौपन्न वर्षांनी. केंद्राचा वित्तीय उत्तरदायित्व कायदा तेव्हा झाला. महाराष्ट्राचा कायदा 2005 चा. दोन्हींचा गाभा एकच. रोजच्या खर्चाचे, म्हणजे महसुली खाते तुटीत नसावे आणि एकूण नवे कर्ज देशाच्या किंवा राज्याच्या उत्पन्नाच्या शेकडा तीनच्या आसपास राहावे. कायदा फोल ठरला, असे कुणी म्हणेल तर ते खरे नाही. 2006-07 पासून सलग तीन वर्षे महाराष्ट्राचे महसुली खाते शिलकीत होते. मूल्यवर्धित कर नुकताच आला होता, वाढ चांगली होती, हे खरेच. पण शिलकीचे खाते या राज्याला जमते, हे तेव्हा दिसले. मग सहावा वेतन आयोग आला, मंदी आली आणि खाते पुन्हा तुटीत गेले. केंद्राने तर 2018 साली कायद्यात दुरुस्ती करून महसुली तुटीचे उद्दिष्टच वगळले. धावपटूला उडी जमेना, म्हणून आडवी काठीच काढून ठेवली.

आज कुठे आहोत? मार्च 2025 मध्ये मांडलेला राज्याचा अर्थसंकल्प घ्या. महसुली जमा 5 लाख 60 हजार 964 कोटी, महसुली खर्च 6 लाख 6 हजार 855 कोटी. तूट 45 हजार 891 कोटी. एकूण राजकोषीय तूट, म्हणजे ढोबळमानाने वर्षभराचे नवे कर्ज, 1 लाख 36 हजार 235 कोटी. ती राज्याच्या उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत बसते, म्हणून सरकार म्हणते, सगळे मर्यादेत आहे. बरोबर आहे, मर्यादेतच आहे. पण आता 45 हजारांना 1 लाख 36 हजारांच्या शेजारी ठेवा. कर्जाच्या दर तीन रुपयांतला एक रुपया पगार, निवृत्तिवेतन, व्याज, अनुदान अशा वाहत्या खर्चात जातो. तो रुपया म्हणजे हिंगोलीच्या छावणीचा पगार.

वर्षाअखेर राज्यावरचे कर्ज 9 लाख 32 हजार कोटींवर जाईल, असा अंदाज त्याच अर्थसंकल्पात आहे. लोकसंख्या तेरा कोटी धरली तर माणशी सुमारे 72 हजार. व्याज 64 हजार कोटींहून अधिक, म्हणजे दिवसाला 175 कोटींच्या वर. मी इथे तासभर बोललो, तर तेवढ्यात सात कोटींहून जास्त व्याज झाले असेल. एवढ्या पैशात काय काय झाले असते, त्याचा हिशेब तुम्ही घरी जाऊन करा.

मी ‘लाडकी बहीण’ योजनेचे दीड हजार रुपये थांबवा, असे म्हणत नाही. समोर बसलेल्या कितीतरी आयाबहिणींच्या हातात आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या नावाचे पैसे आले. कर्जमाफी नको, असेही म्हणत नाही. 2017 आणि 2019 च्या कर्जमाफीने या पंचक्रोशीत किती सातबारे मोकळे झाले, हे मला ठाऊक आहे. माझे म्हणणे एवढेच, की दरवर्षी द्यायचे असेल तर दरवर्षी येणाऱ्या पैशातून द्या. कर कुठला वाढवणार, कुठला खर्च कापणार, ते त्याच सभेत, त्याच माइकवरून सांगा.

मर्यादा असली की पळवाट येतेच. इथे मी दुसऱ्या रस्त्याला लागतो.

वारंगा ते महागाव हा चौपदरी पट्टा हायब्रीड ॲन्युइटी पद्धतीने झाला. शब्द अवघड, गोष्ट सोपी. बांधताना सरकार ठेकेदाराला खर्चाच्या 40 टक्के देते. उरलेले 60 टक्के ठेकेदार स्वतः उभे करतो आणि सरकार ते व्याजासह पंधरा वर्षे, वर्षातून दोन हप्त्यांनी फेडते. रस्ता चांगला आहे. पंधरा वर्षांहून जास्त टिकेल, हळदीची गाडी लवकर पोचेल. असे कर्ज मला मान्य आहे, हे विहिरीचे कर्ज आहे. माझी तक्रार दुसरीच. हे हप्ते सरकारच्या कर्जाच्या आकड्यात दिसत नाहीत. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाने आपल्या नावाने काढलेले कर्ज 2022 पर्यंत साडेतीन लाख कोटींच्या घरात गेले होते. तेही केंद्राच्या तुटीत धरले जात नव्हते. राज्यही यात मागे नाही. 1996 साली कृष्णा खोरे विकास महामंडळ निघाले, त्याने सरकारच्या हमीवर चढ्या व्याजाने रोखे विकले. कापूस एकाधिकार खरेदीचा तोटा, साखर कारखान्यांना दिलेल्या हमी, हे सगळे जामीन राहण्याचे प्रकार. जामीन राहणाऱ्याला गावात लोक काय म्हणतात, तुम्हाला माहीत आहे. 2022 पासून केंद्र राज्यांची अशी बाहेरची कर्जे त्यांच्या मर्यादेत धरू लागले, तेव्हा केरळ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि एप्रिल 2024 मध्ये ते प्रकरण पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाकडे सोपवले गेले. राज्याच्या हक्काचा मुद्दा वजनदार आहे. पण केंद्र राज्यांना जी फूटपट्टी लावते ती स्वतःला लावते का, हा प्रश्नही तेवढाच वजनदार आहे.

आणि सगळ्यात गुपचूप कर्ज कुठले, ते मी कोषागाराच्या खिडकीतून पाहिले आहे. 31 मार्चची रात्र. टेबलावर देयकांचे गठ्ठे, बाहेर व्हरांड्यात शिपाई, कारकून, ठेकेदारांची माणसे. मध्यरात्री निधी व्यपगत होणार. अकराच्या सुमाराला एका कार्यालयाचा कारकून धापा टाकत आला. देयक बरोबर, सह्या बरोबर, काम झालेले. पण संगणकावर त्या शीर्षाखाली निधीच उरला नव्हता. मी देयक परत केले. तो काही बोलला नाही. गठ्ठ्याला पुन्हा सुतळी बांधली आणि गेला. त्या वर्षीच्या हिशेबात तो खर्च कुठेच दिसला नाही. तूट तेवढ्याने कमी झाली. काम केलेल्या माणसाने मात्र सरकारला बिनव्याजी कर्ज दिले. 2025 साली थकलेल्या बिलांसाठी राज्यभरातले ठेकेदार कामे बंद करून रस्त्यावर उतरले, तेव्हा मला ती सुतळी आठवली. जिल्हा परिषदेचा, नगरपालिकेचा अर्थसंकल्प दरवर्षी पेपरात ‘शिलकी’ म्हणून छापून येतो. तो वाचताना एवढेच विचारा, बिले किती थकली आहेत?

आता कुणी म्हणेल, मग दरवर्षी जमा तेवढाच खर्च, असा कडक नियम करा. नको. मी दुष्काळ पाहिला आहे. 1972 साली मराठवाड्यात पीक नव्हते, महसूल नव्हता. तेव्हा जमा पाहून खर्च करायचा म्हटले असते तर खडी फोडायलाही माणसे उरली नसती. जर्मनीने 2009 साली राज्यघटनेत कर्जाला लगाम घातला आणि 2025 मध्ये संरक्षणासाठी तो स्वतःच सैल केला. लगाम फार आवळला तर घोडा अडतो आणि सोडला तर उधळतो. समतोल एका वर्षाचा नसतो, चांगल्या-वाईट वर्षांचा मिळून असतो. पण त्यासाठी चांगल्या वर्षी शिल्लक टाकावी लागते. आपली तक्रार ही, की आपल्याकडे वाईट वर्षाची तूट चांगल्या वर्षीही चालू राहते.

आणि त्याच दुष्काळाने महाराष्ट्राला एक शहाणपण शिकवले होते. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी योजना राज्यभर न्यायची, तर पैसा कुठून आणायचा? सरकारने 1975 साली व्यवसाय कर लावला. पगारदार, व्यापारी, धंदेवाले यांच्याकडून तो घ्यायचा आणि रोजगार हमीला द्यायचा, सरकारनेही तेवढीच भर घालायची. 1977 साली कामाच्या हक्काचा कायदा झाला, तेव्हा त्याच्यामागे कराचा पैसा उभा होता. माझ्या पगारातून दरमहा 200 आणि फेब्रुवारीत 300 रुपये जायचे. सुरुवातीला मीही कुरकुर केली. पण तो आकडा कुणाच्या हातातल्या घणासाठी आहे, हे मला माहीत होते. जेवढे देणे, तेवढा कर, आणि दोन्ही उघड. महाराष्ट्राने हे एकदा करून दाखवले आहे.

म्हणून माझा निवाडा असा. राज्याचे महसुली खाते शिलकीत असले पाहिजे, त्यात सूट फक्त दुष्काळ-महामारीच्या वर्षाची. कर्ज काढावे, पण जे कर्जापेक्षा जास्त टिकेल त्यासाठीच. आणि मर्यादेत सगळे धरावे: रोखे, हमी, रस्त्यांचे हप्ते, थकलेली बिले.

हे मुंबईला कोण सांगणार? तुम्ही. हिंगोली जिल्हा 1 मे 1999 ला झाला. दरवर्षी त्याच दिवशी तुमची ग्रामसभा असते. येत्या 1 मे रोजी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर चार आकडे लिहायला लावा. गावाची जमा, गावाचा खर्च, थकलेली बिले आणि राज्याने या वर्षी रोजच्या खर्चासाठी काढलेले कर्ज. पहिले तीन ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे मिळतील, चौथा अर्थसंकल्पाच्या पुस्तिकेत छापलेला असतो. आणि पुढच्या निवडणुकीत पांढरी गाडी या फाट्यावर थांबली, हात जोडून कुणी काही द्यायचे कबूल केले, तर बचत गटातल्या त्या बाईचा प्रश्न विचारा, “हे कुठून फेडशील?”

उत्तर मिळेपर्यंत गाडीला वाट देऊ नका.